लिफ्ट खोलायच्या आधी: जुन्या ट्रॅक्टरच्या हायड्रोलिकचं नेमकं दुखणं कसं ओळखायचं

चैत्र लागला, कपाशीच्या पऱ्हाट्या उपटून रान मोकळं झालं आणि नांगरट सुरू झाली, की आमच्या जळगाव जिल्ह्यातल्या चोपडा-यावल पट्ट्यात एक वाक्य रोज कानावर पडतं. "भाऊ, लिफ्ट काम करस नही." लिफ्ट म्हणजे तेलाच्या दाबावर मागचं औजार उचलणारी, धरणारी यंत्रणा. सांगणारा घाईत असतो, कारण आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आत नांगरट उरकून रान उन्हात तापू द्यायचं असतं. मग मिस्तरीला फोन जातो. मिस्तरी येतो, सीट काढतो, लिफ्टचं वरचं झाकण उचलतो, सील बदलतो, झाकण बसवतो. पंधरा-वीस दिवस बरं चालतं. पुढच्या हंगामात पुन्हा तेच वाक्य, पुन्हा तोच फोन.

आमच्या घरच्या ट्रॅक्टरवर हे सलग तीन उन्हाळे झालं. नानांनी सेकंडहँड घेतलेला, ३५ अश्वशक्तीचा, तीन सिलिंडरचा जुना ट्रॅक्टर. इंजिन अजून ठणठणीत, पण लिफ्टने जेरीस आणलं होतं. तीनदा झाकण उघडलं, तीनदा पिस्टनचं सील बदललं, आणि दुखणं मात्र जागच्या जागी. चौथ्या वर्षी मी खोलायला नाही म्हटलं. दुखणं नेमकं काय आहे ते आधी समजून घेऊ, मग पाना हातात घेऊ, असं ठरवलं. त्यातून जे हाती लागलं ते इथे सविस्तर लिहितो आहे, कारण आमच्यासारखे जुने ट्रॅक्टर अजून गावोगाव आहेत आणि त्यांच्या पुस्तिका कधीच्या गहाळ झाल्या आहेत.

पहिली गोष्ट म्हणजे "लिफ्ट काम करत नाही" हे एका दुखण्याचं नाव नाही. उचलतच नाही का? सकाळी उचलते आणि दुपारी उचलत नाही, असं आहे का? उचलते पण धरून ठेवत नाही? धरते पण दर काही सेकंदांनी मान डोलावते? वर गेलेली खाली येत नाही? की उचलणं, उतरवणं सगळं नीट आहे, फक्त नांगर रानात एकसारखा चालत नाही, कधी खोल घुसतो तर कधी उडी मारून वर येतो? या प्रत्येकाचं कारण वेगळं आहे, आणि शेवटच्या प्रकारात तर बहुतेक वेळा लिफ्टमध्ये काहीच बिघडलेलं नसतं. आमच्याकडे दोन वेगळी दुखणी एकाच वेळी होती आणि आम्ही दोन्हींना एकच नाव देत होतो. म्हणून एक औषध लागू पडत नव्हतं.

दोन लिव्हर, दोन वेगळी कामं

सीटच्या उजव्या हाताला अर्धगोल पट्टीवर दोन लिव्हर असतात. आमच्याकडे ड्रायव्हर लोक त्यांना "लहान लिव्हर, मोठा लिव्हर" किंवा "आतला, बाहेरचा" म्हणतात आणि सवयीने एकच वापरतात. दुसरा कुठेतरी मध्येच अडकलेला असतो. निम्मी गडबड इथेच होते.

एक लिव्हर पोझिशन कंट्रोलचा. त्याचं काम फक्त उंचीचं. लिव्हर पट्टीवर जिथे ठेवाल, त्या उंचीवर लिफ्टचे हात जाऊन थांबतात. लिव्हर थोडा वर केला की हात थोडे वर, मध्यावर ठेवला की हात मध्यावर. आतली युक्ती साधी आहे. हात वर जाऊ लागले की त्यांच्या शाफ्टवरचा कॅम एक दांडा ढकलतो, तो दांडा कंट्रोल व्हॉल्व्हला (तेलाची वाट उघडणाऱ्या-बंद करणाऱ्या झडपेला) पुन्हा मधल्या जागी आणतो, आणि तेल आत जाणंही बंद होतं, बाहेर पडणंही बंद होतं. जमीन कडक आहे की मऊ, याच्याशी या लिव्हरला काही देणंघेणं नाही.

दुसरा लिव्हर ड्राफ्ट कंट्रोलचा. त्याला उंची कळत नाही, त्याला ओढ कळते. नांगर जमिनीत चालताना माती त्याला मागे रेटते. नांगर खालच्या दोन लिंकांवर (जोडणीच्या दांड्यांवर) अडकलेला असतो, त्यामुळे त्याचं वरचं टोक पुढे ढकललं जातं, म्हणजे टॉप लिंक (वरची तिसरी दांडी) ट्रॅक्टरकडे दाबली जाते. टॉप लिंकच्या मुळाशी एक जाड स्प्रिंग आहे. ती दबली की तिच्यामागचा दांडा कंट्रोल व्हॉल्व्हला सांगतो, "ओढ वाढली, जरा उचल." नांगर दोन बोटं वर येतो, ओढ कमी होते, स्प्रिंग सुटते, नांगर परत खाली बसतो. हे सतत चालू असतं. ड्राफ्टचा लिव्हर ठरवतो ते एवढंच, की किती ओढ झाल्यावर स्प्रिंगचं ऐकायचं.

ही कल्पना हॅरी फर्ग्युसन या आयर्लंडच्या माणसाची. त्याच्या आधी नांगर ट्रॅक्टरमागे नुसता ओढत नेत असत. तो दगडाला किंवा मुळाला अडकला की ट्रॅक्टरची पुढची चाकं उचलली जायची आणि ट्रॅक्टर मागे उलटून चालवणारा खाली सापडायचा. फर्ग्युसनने नांगर तीन ठिकाणी जोडून ट्रॅक्टरचाच भाग केला. वरची लिंक दाबली जाते, तोच दाब पुढची चाकं जमिनीवर धरून ठेवतो, आणि नांगराचं व मातीचं वजन मागच्या चाकांवर येऊन पकड वाढते. १९३९ साली फोर्डबरोबर केलेला ट्रॅक्टर, १९४६ चा टीई-२०, १९५६ चा 'फर्ग्युसन ३५' आणि त्याच कुळातले पुढे आपल्याकडे आलेले मॅसी फर्ग्युसन, सगळ्यांच्या पोटात हीच रचना आहे. हे ट्रॅक्टर बनवणाऱ्या टॅफे कंपनीने १९६० साली चेन्नईत काम सुरू केलं आणि तिथून हे ट्रॅक्टर देशभर गेले. दुसऱ्या कंपन्यांनीही पुढे आपापल्या परीने हेच तत्त्व घेतलं. जाहिरातीत "एडीडीसी" (ऑटोमॅटिक डेप्थ अँड ड्राफ्ट कंट्रोल) लिहिलेलं असतं ते हेच.

आता आपल्या ट्रॅक्टरवर कोणता लिव्हर कोणता, हे शेजाऱ्याला विचारू नका. बनावटीनुसार आतला-बाहेरचा बदलतो, काही ट्रॅक्टरांवर एकच लिव्हर आणि शेजारी पोझिशन-ड्राफ्ट निवडायची खटकी असते, आणि जुन्या ट्रॅक्टरवर कुणीतरी मुठी अदलाबदल केलेल्या असतात. स्वतः तपासा. सपाट जागी, कल्टिव्हेटरसारखं मध्यम औजार लावून, इंजिन हजाराच्या आसपास ठेवून एकच लिव्हर बोटाबोटाने हलवा. औजार लिव्हरच्या मागोमाग बोटाबोटाने वर येत असेल आणि मध्ये कुठेही थांबत असेल, तर तो पोझिशन. लिव्हर हलवतोय, हलवतोय, काहीच होत नाही, आणि मग एका ठिकाणी औजार एकदम वर निघतं, किंचित मागे घेतलं की एकदम खाली येतं, मध्ये थांबतच नाही, तर तो ड्राफ्ट. हवेत लटकलेल्या औजाराला मातीची ओढच नसते, म्हणून ड्राफ्टला मधलं काही दिसत नाही. हे न कळल्यामुळे कितीतरी जण म्हणतात, "लिफ्ट मध्ये थांबत नाही, एकतर वर नाहीतर खाली." लिफ्ट बरोबर असते, हात चुकीच्या लिव्हरवर असतो. ओळख पटली की दोन्ही मुठींना वेगळा रंग द्या. आमच्याकडे पोझिशनला पिवळा आणि ड्राफ्टला लाल ऑइलपेंट लावला, त्यानंतर सालदार बदलला तरी गोंधळ झाला नाही.

एक लिव्हर वापरताना दुसरा कुठे ठेवायचा, हाही प्रश्न येतो. फर्ग्युसन धाटणीच्या ट्रॅक्टरवर पोझिशनने काम करायचं तर ड्राफ्टचा लिव्हर पूर्ण वर ठेवतात आणि मग उंची पोझिशनने ठरवतात. दुसऱ्या बनावटींत हे उलट असू शकतं, म्हणून पट्टीशेजारची खुणांची पाटी घासून पुसून वाचा. पाटी उरली नसेल तर वर सांगितलेली तपासणी दुसरा लिव्हर आधी पूर्ण वर आणि मग पूर्ण खाली ठेवून, अशी दोनदा करा. ज्या जागी पहिला लिव्हर नीट काम करतो ती त्याची जागा.

नांगर उड्या मारतो, त्याचं खरं कारण

आमचं एक शेत नाल्याकाठी काळं आहे आणि वर बांधाकडे मुरमाड, बरड होत जातं. तासाच्या (नांगराच्या एका ओळीच्या) एका टोकाला ढेकूळ निघतं पाटीएवढं आणि दुसऱ्या टोकाला नुसती खडी. आमचा ड्रायव्हर पोझिशनवर नांगरत होता. काळ्यात नांगर बरोबर चालायचा, मुरमाडात आला की इंजिन दबायचं, मागची चाकं जागच्या जागी फिरायची, मग तो हाताने लिव्हर उचलायचा, पुन्हा सोडायचा. शिवाय पुढची चाकं खोलगट जागी उतरली की मागचा नांगर वर उचलला जायचा, कारण पोझिशनमध्ये नांगर ट्रॅक्टरला घट्ट बांधलेला असतो. संध्याकाळी रान पाहिलं तर एक तास टाचभर आणि शेजारचा गुडघ्याएवढा. सगळे म्हणायचे, "लिफ्ट झटके देते."

नांगर आणि कल्टिव्हेटर यांना ड्राफ्ट, आणि रोटाव्हेटर, पेरणी यंत्र, लेव्हलिंगचं ब्लेड, खड्डे पाडायचं ड्रिल यांना पोझिशन, एवढं धोरण ठेवलं तरी पुष्कळसं काम सरळ होतं. मात्र ड्राफ्ट म्हणजे खोली मोजणारं यंत्र नाही, हे समजून घ्यायला हवं. त्याला ओढ सारखी ठेवायची असते. कडक जागी तो नांगर वर घेईल, आणि तापीकाठच्या मऊ गाळात किंवा ओलसर जागी ओढ कमी लागते म्हणून नांगर आणखी खाली जाऊ देईल. रान असं मिश्र असेल तर नांगराचं खोलीचं चाक नीट बांधा, म्हणजे खालची मर्यादा चाक ठरवील आणि वरची काळजी ड्राफ्ट घेईल. एकदा खोली जमली की पट्टीवरचा सरकता थांबा तिथे घट्ट करा. आमचा थांब्याचा स्क्रू कधीच पडून गेला होता, ड्रायव्हर दर तासाला अंदाजाने लिव्हर सोडायचा. हाताने फिरवता येणाऱ्या पंखवाल्या नटचा एक बोल्ट बसवला आणि नांगरटीचा निम्मा वेडेवाकडेपणा तिथेच गेला.

पण ड्राफ्टवर घेऊनही आमचा नांगर सुरुवातीला उड्या मारतच होता. तो दोष सापडला टॉप लिंकच्या मुळाशी. इंजिन बंद, नांगर जमिनीवर टेकलेला, टॉप लिंक काढलेली, अशा अवस्थेत ज्या कानात टॉप लिंकची पिन जाते तो कान दोन्ही हातांनी धरून पुढे-मागे ओढून पाहा. आमचा कान चांगला पाव इंच खटखट हलत होता. म्हणजे ओढ वाढली तरी आधी ती खटखट भरून निघायची, मग स्प्रिंगला दाब लागायचा, तोवर नांगर खोल गेलेला असायचा. मग व्हॉल्व्ह एकदम उघडायचा आणि नांगर उडी मारून वर यायचा. स्प्रिंग पुढे-मागे हलू नये, पण बोटांनी गोल फिरवता यावी, इतपत ती कसायची असते. फार कसली तर स्प्रिंग आधीच दबून राहते आणि ड्राफ्ट आंधळा होतो. आमच्या स्प्रिंगवरचा रबरी बूट फाटून आत काळी माती घट्ट भरली होती, उन्हात भाजून ती विटेसारखी झालेली. स्क्रू-ड्रायव्हरने खरवडून काढली, डिझेलने धुतलं, कान कसला, नवा बूट बसवला. सगळा मिळून अर्ध्या दिवसाचा कार्यक्रम, आणि लिफ्टचं झाकण उघडलंसुद्धा नाही.

टॉप लिंकच्या पाठीमागे दोन-तीन भोकं असतील तर हलक्या आणि जड औजारांसाठी ती वेगवेगळी दिलेली असतात, त्यांनी स्प्रिंगला किती लवकर कळावं हे बदलतं. कल्टिव्हेटरला जे भोक जमतं ते पलटी नांगराला जमेलच असं नाही. बदलून पाहा. आणि टॉप लिंकच्या त्या कानात साखळी अडकवून चिखलातली ट्रॉली किंवा झाडाचं खोड ओढायला कधीही जाऊ नका. ओढ इतक्या वरून लागली की ट्रॅक्टर मागे उलटतो, आणि उडी मारायलाही वेळ मिळत नाही.

सकाळी उचलते, दुपारी उचलत नाही

हे आमचं दुसरं दुखणं, आणि हे मात्र खरोखर पोटातलं होतं. सकाळी सात वाजता नांगर झटकन वर यायचा. अकरानंतर, जळगाव-भुसावळकडच्या त्या पंचेचाळीस अंशांच्या उन्हात, तोच नांगर रडत-रडत वर यायचा, आणि वर आल्यावर मान डोलवायचा: जरा खाली, पुन्हा वर, जरा खाली, पुन्हा वर.

मान डोलवणं म्हणजे काय ते समजलं की अर्धं निदान झालं. वर धरलेल्या औजाराच्या वजनाचं तेल आत कुठून तरी गळतं. हात किंचित खाली येतात. पोझिशनचा दांडा व्हॉल्व्हला सांगतो की उंची कमी झाली, पंप पुन्हा थोडं तेल देतो, हात वर येतात. गळती जितकी मोठी तितकं डोलणं घाईचं. सकाळी तेल घट्ट असतं म्हणून फटीतून कमी जातं, तापलं की पातळ होऊन भराभर जातं. म्हणजे गरम झाल्यावर येणारा हा त्रास तेलाच्या वाटेवरच्या गळतीचा आहे, लिव्हरचा नाही.

गळती सिलिंडरच्या बाजूला की पंपाच्या, हे बाहेरून बऱ्यापैकी कळतं. काम करून ट्रॅक्टर तापलेला असताना सपाट जागी उभा करा, चाकांना दगड लावा, नांगर पूर्ण वर घ्या आणि त्याच्या खाली, साधारण वितभर अंतर सोडून, लाकडी ओंडके रचून ठेवा. इंजिन बंद करा. खालच्या लिंकेच्या गोळ्यापासून जमिनीपर्यंत टेपने मोजा, घड्याळ लावा, दहा मिनिटांनी पुन्हा मोजा. भराभर खाली बसत असेल तर तेल वजनाखाली परत निसटतंय. त्याला वाटा चार-पाचच: पिस्टनचं सील, पंपाकडून वर सिलिंडरकडे जाणाऱ्या उभ्या नळीच्या ओ-रिंगा (गोल रबरी सील), सेफ्टी व्हॉल्व्ह (दाब फार वाढला की तेल सोडून देणारा), कंट्रोल व्हॉल्व्ह, आणि पंपाचे स्वतःचे व्हॉल्व्ह. उलट, बंद इंजिनवर औजार जागचं हलत नाही, पण चालू इंजिनवर जड औजार उचलतच नाही, तर धरून ठेवणारी बाजू ठीक आहे. मग पंप झिजलाय, त्याची जाळी तुंबलीय, तेल कमी आहे, किंवा सेफ्टी व्हॉल्व्हची स्प्रिंग मऊ पडून तो लवकर उघडतोय.

आमचा नांगर दहा मिनिटं थांबलाच नाही, तिसऱ्या-चौथ्या मिनिटाला ओंडक्यावर येऊन बसला. तिन्ही मिस्तरींनी यावरूनच पिस्टनचं सील बदललं होतं, आणि तेही अगदी चूक नव्हतं. फक्त वाट एक नसून अनेक आहेत, हे कुणी पाहिलं नाही. फर्ग्युसन धाटणीच्या ट्रॅक्टरला बाजूला, ऑइल मोजायच्या काडीशेजारी, चार-सहा बोल्टचं एक झाकण असतं. आत पंप, उभी नळी आणि लिव्हरचे दांडे दिसतात. चौथ्या वर्षी आलेले मिस्तरी म्हातारे होते, त्यांनी वरच्या झाकणाला हातच लावला नाही. थोडं तेल काढून त्यांनी हे बाजूचं झाकण उघडलं, आणि ट्रॅक्टर मंद चालू ठेवून, नांगर वर धरून, लांबूनच आत बॅटरी मारली. मला म्हणाले, "भाऊ, इकडून पाहा, हात आत घालू नका." उभी नळी जिथे पंपात बसते त्या बुडख्याशी तेलाची बारीक फवार उडत होती, ठिबकच्या नळीला उंदराने कुरतडल्यावर जशी उडते अगदी तशी. सिलिंडरखाली थेंबही नव्हता. तीन वर्षं आम्ही वरचं सील बदलत होतो आणि तेल खालून जात होतं. मिस्तरी झाकण उचलायचे तेव्हा ती नळी हलायची, ओ-रिंग थोडी नव्या जागी बसायची, म्हणून पंधरा दिवस बरं वाटायचं.

दोन ओ-रिंगा, शंभर रुपयांच्या आतल्या. पण त्या साध्या पाण्याच्या मोटरीच्या नको, तेलातल्या, बरोबर जाडीच्या हव्यात. नळी बसते ती खाचही कापडाने पुसून नखाने तपासा, ओरखडा असेल तर नवी रिंग महिनाभरात कापली जाते.

हे झाकण स्वतः उघडून चालू इंजिनवर पाहायचा प्रयोग एकट्याने करू नका. आत पीटीओचा (इंजिनाची ताकद मागच्या औजाराला देणारा) शाफ्ट फिरत असतो, उपरण्याचं टोक गेलं तरी तो हात ओढून घेतो. आणि फवार बोटाने शोधायची नाही. दाबाखालचं तेल सुईसारखं कातडीतून आत जातं, वरून फक्त टोचल्यासारखं दिसतं आणि आतून हात सडतो. असं झालंच तर घरी हळद न लावता थेट मोठ्या दवाखान्यात जायचं आणि तेल शिरलंय हे डॉक्टरांना स्पष्ट सांगायचं.

तेल, पाणी आणि उसनी आणलेली ट्रॉली

या ट्रॅक्टरांत गिअरबॉक्स, मागचा डिफरन्शियल आणि हायड्रोलिक यांचं तेल बहुधा एकच असतं. म्हणून लिफ्टचं तेल कुठे टाकायचं असं वेगळं विचारत बसू नका, काडी एकच. मोजताना ट्रॅक्टर सपाट, हात पूर्ण खाली आणि डंपिंग ट्रॉली जोडलेली असेल तर तिचा जॅकही खाली हवा. जॅक वर असताना कितीतरी लिटर तेल त्याच्या पोटात असतं, काडी कमी दाखवते, आपण वरून ओततो, आणि मग सीलमधून तेल बाहेर येतं.

जॅकवाली ट्रॉली गावात एकाची असते आणि वापरतात दहा जण. प्रत्येकाच्या ट्रॅक्टरचं तेल तिच्या जॅकमधून दुसऱ्याच्या ट्रॅक्टरमध्ये जातं, त्याबरोबर कपलिंगवर बसलेली वाळू आणि धूळही. पंपाची जाळी आणि कंट्रोल व्हॉल्व्ह यांचा एवढा मोठा शत्रू दुसरा नाही. कपलिंग जोडण्याआधी दोन्ही तोंडं स्वच्छ कापडाने पुसायची आणि वापरात नसताना त्यावर टोपण ठेवायचं, एवढं जरी पाळलं तरी व्हॉल्व्ह वर्षानुवर्षं अडकत नाही. ट्रॉली रिकामी करायला लिव्हर सतत पंपिंगच्या जागी सरकवावा लागतो, तो काम झाल्यावर परत आणायला विसरू नका. तिथे राहिला तर पंप सेफ्टी व्हॉल्व्हवर ओरडत राहतो आणि तेल उकळायला लागतं.

तेलाचा रंग दुधाच्या चहासारखा दिसला तर त्यात पाणी आहे. पावसाळ्यात उघड्यावर उभ्या असलेल्या ट्रॅक्टरला पाणी कुठून शिरतं? गिअर लिव्हरच्या बुडाशी असलेल्या फाटक्या रबरी बुटातून. पन्नास-शंभर रुपयांचा बूट फाटलेला राहतो आणि त्यातून मृगापासून दिवाळीपर्यंत पाणी झिरपतं. रात्रभर ट्रॅक्टर उभा ठेवून सकाळी, चालू न करता, खालचा बोल्ट सैल केला की आधी पाणीच येतं, ते जड असल्याने तळाला बसतं. अशा तेलात व्हॉल्व्ह गंजतो, आणि दोन महिने उभा राहिलेला ट्रॅक्टर चालू केल्यावर लिफ्ट वर जाते पण खाली येत नाही, त्यामागे बहुतेक हेच असतं.

वर अडकलेली लिफ्ट उतरवण्यासाठी कुठलीही नळी, कुठलाही बोल्ट सैल करायचा नाही. औजार एका क्षणात खाली येतं. आधी खाली ओंडके. मग लिफ्ट किती वेगाने उतरावी याचा नॉब पाहा. काही ट्रॅक्टरांवर तो सीटखाली समोर असतो आणि पूर्ण बंद केला तर लिफ्ट उतरतच नाही, मुलांनी खेळताना फिरवलेला असतो. तो मोकळा असेल तर इंजिन चालू ठेवून तेल कोमट होऊ द्या आणि लिव्हर शांतपणे वर-खाली करत राहा. पंप फिरत असताना कंट्रोल व्हॉल्व्ह हलता राहावा अशी सोय या बनावटीत मुळातच आहे, त्यामुळे नुसता चिकटलेला व्हॉल्व्ह बऱ्याचदा सुटतो. नाहीच सुटला तर मिस्तरी.

जो बिघाड नसतोच, तोही सांगून टाकतो. एक क्लच असलेल्या जुन्या ट्रॅक्टरवर क्लच पूर्ण दाबला की पंप थांबतो, कारण पंप पीटीओच्या शाफ्टवरून फिरतो. तासाच्या शेवटी आधी लिफ्ट उचला, मग क्लच दाबा. आणि काही जुन्या बनावटींत पीटीओचा लिव्हर सोडवलेला असेल तर लिफ्ट पूर्ण मेल्यासारखी होते. रोटाव्हेटर काढून नांगर लावल्यावर "कालपर्यंत चालत होती" म्हणणाऱ्याने आधी तो लिव्हर पाहावा.

शेवटी वरचं झाकण उघडावंच लागलं, तर बसवताना एक गोष्ट मिस्तरीच्या शेजारी उभं राहून पाहा. झाकणाखाली दोन्ही लिव्हरचे उभे दांडे लोंबतात आणि ते पंपाच्या कंट्रोल व्हॉल्व्हच्या दांड्याला नेमक्या बाजूने लागायला हवेत. त्यासाठी इंजिन बंद असताना बाजूच्या झाकणातून हात घालून ते जागेवर धरावे लागतात. घाईत ते चुकीच्या बाजूला बसले, की लिफ्ट एकतर उचलतच नाही किंवा वर जाऊन तिथेच राहते, आणि मग सगळे पंपाला दोष देतात. बोल्ट कसण्याआधी दोन्ही लिव्हर हलवून आत व्हॉल्व्हचा दांडा हलतो का, हे बॅटरीने पाहून घ्या.

मिस्तरीला फोन करताना आता मी एवढं सांगतो: गार असताना कसं, तापल्यावर कसं, बंद इंजिनवर दहा मिनिटांत किती बसली, तेलाचा रंग कसा, आणि शेवटची ट्रॉली कुणाची जोडली होती. तेवढ्यावरून ते कोणत्या रिंगा बरोबर घेऊन निघायच्या ते ठरवतात. यंदा आखाजीच्या आदल्या दिवशी, दुपारी दीडला, मुरमाडाचे शेवटचे चार तास संपवून नांगर वर धरला, खाली ओंडके ठेवले, इंजिन बंद केलं आणि बांधावरच्या निंबाखाली भाकर खाल्ली. उठून टेप लावला तर नांगर फक्त बोटभर खाली आला होता.